कुंडी घेताना आधी पावसाळा आठवा: बेळगाव-खानापूर भागातल्या घरातल्या झाडांसाठी

आमच्याकडं कुणी घरात ठेवायला नवीन झाड आणलं की पहिला प्रश्न असतोय कुंडी कुठल्या रंगाची घेऊ, सोफ्याला मॅच होईल काय, आणि मला मनापासून वाटतंय की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. कुंडीचं खरं काम एकच, मातीत पाणी किती वेळ राहायचं हे ठरवणं. झाड तेच, माती तीच, पाणी घालणारा माणूस पण तोच, पण कुंडी बदलली की माती दोन दिवसांत वाळते नाहीतर आठवडाभर ओली राहते. मुळांना पाणी लागतंय तशीच हवा पण लागते, मातीतल्या बारीक पोकळ्या सारख्या पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि वरनं पानं पिवळी पडलेली बघून आपण काय करतो तर अजून एक तांब्या पाणी घालतो.

म्हणून कुंडी घ्यायची ती आपल्या घरातल्या हवेचा विचार करून. बेळगाव शहर, खानापूर, जांबोटी, कणकुंबी ह्या पट्ट्यात मिरग लागला की पुढचे चार महिने घरात काही वाळत नाही, कपडे तीन-तीन दिवस दोरीवर, मीठ पाझरतंय, जुन्या घरात भिंतीला ओल येते, आणि ऊन नसल्यामुळं खिडकीतला उजेड पण निम्म्यावर येतोय. अशा वेळी झाड पाणी पितंय कमी आणि मातीतलं पाणी उडून पण जात नाही. आमच्या भागात घरातली झाडं उन्हाळ्यापेक्षा आषाढ-श्रावणात जास्त जातात, हे नर्सरीवाल्याला विचारलं तरी तो सांगेल. पण हाच नियम अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या लोकांनी डोळे मिटून घेऊ नये, तिकडं पाऊस कमी, हवा कोरडी, उन्हाळा कडक, तिकडं उलट कुंडी पाणी धरून ठेवणारी लागते. जिल्हा एकच पण पश्चिमेच्या टोकाला आणि पूर्वेच्या टोकाला कुंडीचं उत्तर वेगळं येतंय, त्यामुळं व्हिडिओत मुंबईची नाहीतर दिल्लीची बाई काय सांगते ते ऐका, पण आपल्या खिडकीची हवा बघून ठरवा.

आता पहिली गोष्ट, भोक. तळाला भोक नसेल तर ती कुंडी नाही, नुसतं भांडं आहे, झाड डायरेक्ट त्यात लावायचं नाही. ६-८ इंची कुंडीला मधोमध बोट जाईल एवढं एक भोक नाहीतर लहान लहान चार-पाच पुरतात. प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बऱ्याचदा भोकाची नुसती खूण असते आणि ते आपण फोडायचं असतंय, तेवढं आठवणीनं बघा, दुकानातनं आणून तशीच माती भरणारे खूप आहेत. भोकातनं माती वाहून जाऊ नये म्हणून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा किंवा खापरीचा एक बाक असलेला तुकडा पालथा ठेवला की झालं.

आणि इथं एक गोष्ट नीट सांगायची आहे कारण जवळजवळ सगळ्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. भोक असो नसो, तळाला दोन-तीन इंच खडी, विटकरीचे तुकडे घातले की पाणी खाली उतरतंय आणि मुळं सुरक्षित राहतात असं म्हणतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत लगेच उतरतच नाही, माती पूर्ण चिंब झाल्यावरच ते खाली गळतंय. प्रत्येक कुंडीत तळाशी मातीचा एक पट्टा असा असतोय की जो पाणी घातल्यावर बराच वेळ चिंब राहतो, खडी घातली की तो पट्टा तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ येतो आणि मुळांना असलेली जागा कमी होते ती वेगळीच. ह्याचा पुरावा घरातच बघता येतोय. भांडी घासायचा नवीन स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा, हातावर आडवा धरा आणि थेंब पडायचे थांबू द्या, मग तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, नुसती उंची वाढली म्हणून जास्तीचं पाणी निघून गेलं. कुंडीचं पण हेच आहे, एकच माती उथळ कुंडीत जास्त वेळ ओली राहते आणि उभट कुंडीत वरचा भाग लवकर मोकळा होतो. म्हणून ओल्या घरासाठी खडीचा थर घालत बसण्यापेक्षा थोडी उभट कुंडी घ्या आणि सगळीच माती भुसभुशीत करा, म्हणजे खडी, वाळू, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे) जे काय घालायचं ते मातीत मिसळून घाला, खाली थर लावून नको.

मातीवरनं आठवलं, अथणी-बैलहोंगलकडची काळी माती कुंडीत नुसती भरू नका, ओली झाली की चिकट गोळा होते आणि वाळली की कडेनं सुटून भेगा पडतात, मग घातलेलं पाणी त्या भेगेतनं सरळ बशीत. खानापूरकडची तांबडी माती बरी, पण तीसुद्धा नुसती घातली तर कुंडीत दाबून बसते, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळूनच घ्या.

साइजबद्दल. नर्सरीत कुंड्या इंचावर मिळतात आणि तो इंच म्हणजे वरच्या तोंडाची रुंदी. सध्या झाड ज्यात आहे, काळी पिशवी असू दे नाहीतर छोटी कुंडी, त्यापेक्षा १-२ इंच मोठी घ्यायची, बास. लोक काय करतात, सारखं बदलायला नको म्हणून ४ इंचातलं झाड उचलून १२ इंचात लावतात. १-२ इंच ऐकायला किरकोळ वाटतंय पण कुंडी उंचीला पण तेवढीच वाढते, त्यामुळं ६ इंचावरनं ८ इंचावर गेलं तरी माती दुपटीपेक्षा जास्त लागते, आणि ६ वरनं १२ वर गेलं तर साधारण आठपट. आता एवढ्याशा मुळांनी आठपट मातीतलं पाणी प्यायचं कधी? कडेची माती कायम ओली राहते, आंबट वास मारते, त्यावर बारीक काळी चिलटं फिरायला लागतात, आणि झाड आहे तेवढंच दिसतंय. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल ही समजूत घरातल्या झाडांना तरी लागू होत नाही.

मोठी कुंडी कधी पाहिजे ते झाडच सांगतंय. भोकातनं मुळं बाहेर आली, पाणी घातलं की माती न भिजता लगेच खाली येतंय, काल भरपूर पाणी घातलं आणि आज झाड मान टाकतंय, ह्याच्यातलं काही दिसलं की हलक्या हातानं झाड कुंडीतनं उपसून बघा, मुळांचा गच्च वेढा बसलेला असेल तर बदला. पीस लिली, स्पायडर प्लँट ह्यांना थोडी दाटी चालते, उगीच दरवर्षी हलवू नका. स्नेक प्लँटचे कंद मात्र एवढे जोर करतात की पातळ प्लॅस्टिकची कुंडी फुगते, कधी कधी फाटते सुद्धा.

आता कुंडी कशाची घ्यायची हा मुद्दा, आणि ह्यात आपण नशीबवान आहोत कारण खानापूर आपल्या दारात आहे. तिथली माती चांगली म्हणून तर कौलं-विटांचे कारखाने तिथं उभे राहिले, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था पण तिथंच आहे. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, पाणी तिथनं बाहेर झिरपतंय आणि उडून जातंय, माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतंय तेच कारण. त्यामुळं कुंडीतली माती फक्त वरनं नाही तर चारी बाजूंनी वाळते आणि मुळांना हवा पण मिळते. बेळगाव-खानापूरच्या ओल्या घरात स्नेक प्लँट, झेडझेड, कोरफड, जेड, रबर प्लँट असल्या झाडांना ह्याच्यापेक्षा चांगली कुंडी नाही असं माझं ठाम मत आहे, आणि शोभेच्या दृष्टीनं सुद्धा तांबड्या कुंडीत हिरवं झाड जेवढं खुलून दिसतंय तेवढं चकचकीत पांढऱ्यात दिसत नाही.

मातीची कुंडी घेताना बोटानं टिचकी मारून बघा, माठ घेताना बघतो तशीच, खणखणीत आवाज आला तर नीट भाजलीय आणि तडा नाही, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. खरेदी जमलं तर मिरगाच्या आधीच करा, पावसात कुंभाराची कच्ची भांडी वाळत नाहीत आणि आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, लावता येत नाही, मग जे शिल्लक असेल त्यातनंच निवडावं लागतंय. घरी आणली की लगेच झाड लावू नका, कोरडी कुंडी मातीतलं पाणी स्वतःच शोषून घेते, म्हणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी लावा. बाहेरनं ऑइलपेंट मारायची हौस असेल तर एवढं समजून मारा की त्या रंगानं छिद्रं बुजतात आणि तुमची मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीसारखी वागायला लागते, त्यापेक्षा गेरूचा हात द्या. थोड्या दिवसांनी बाहेरनं पांढरे डाग येतात ते बुरशीचे असतीलच असं नाही, बहुतेक वेळा पाण्यातले आणि खतातले क्षार असतात, बोअरचं पाणी घालणाऱ्यांच्या कुंडीवर जास्त येतात, व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं ब्रशनं घासलं की जातात. पावसाळ्यात हिरवट शेवाळ धरतंय, त्यानं झाडाला काही होत नाही.

प्लॅस्टिकला नावं ठेवायची फॅशन आहे पण मी ठेवणार नाही. हलकी, फुटत नाही, माडीवर चढवायला सोपी, आणि पाणी धरून ठेवते म्हणून फर्न, पीस लिली, सिंगोनियम असल्या ओल आवडणाऱ्या झाडांना ती मातीच्या कुंडीपेक्षा बरी. अथणी-रायबागकडं तर मातीच्या कुंडीतल्या फर्नला एप्रिलमध्ये रोज पाणी घातलं तरी पुरत नाही, तिकडं प्लॅस्टिक नाहीतर आतनं-बाहेरनं चकाकी दिलेली सिरॅमिकच घ्या. फक्त एक करा, प्लॅस्टिकमध्ये माती आणखी भुसभुशीत ठेवा आणि पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं आत घालून बघा, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. सिरॅमिकची कुंडी पाण्याच्या बाबतीत प्लॅस्टिकसारखीच, वजनाला जड आणि दिसायला देखणी, पण त्यातल्या कितीतरी बिनभोकाच्याच येतात.

सिमेंटची कुंडी घरात नको. एक तर उचलत नाही, आणि नवीन असेल तर सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर मातीत उतरतोय, बऱ्याच झाडांना तो मानवत नाही. गॅलरीत ठेवायचीच असेल तर काही दिवस पाण्यानं भरून ठेवायची, पाणी रोज बदलायचं, मग वापरायची.

पितळेचं घंगाळ, तांब्याचा हंडा, आजीच्या काळातली कळशी सोप्यात मांडून त्यात झाड ठेवायचं हे आता खूप घरांत बघायला मिळतंय, आणि छानच दिसतंय, पण त्यात डायरेक्ट माती भरू नका आणि भोक पाडायचा विचार तर करूच नका, घरातली वस्तू आहे ती. ओल्या मातीत तांबं थोडं थोडं उतरतंय आणि जास्त झालं की मुळांना त्रास होतोय, पितळेत पण तांबं असतंयच. त्याच्यापेक्षा झाड साध्या भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवा, तळाला एक चपटा दगड नाहीतर जुनं झाकण पालथं टाका म्हणजे आतली कुंडी पाण्यात बसणार नाही. पाणी घालायचं तेव्हा आतली कुंडी काढायची, मोरीत नेऊन भरपूर पाणी घालायचं, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्यायचं, परत ठेवायचं. बिनभोकाच्या महागड्या सिरॅमिकला पण हाच उपाय, आणि खरं सांगायचं तर ज्यांना दोन्ही पाहिजे, शोभा पण आणि झाड पण जगलेलं, त्यांच्यासाठी सगळ्यात चांगली पद्धत हीच.

तरी कुणाला भोक पाडायचंच असेल तर मातीची कुंडी आधी रात्रभर भिजवा, भोकाच्या जागी आतनं-बाहेरनं चिकटपट्टी लावा, ड्रिलचा ठोके मारणारा मोड बंद करा आणि भिंतीला वापरतात तो बिट लावून सावकाश, न दाबता फिरवा. चकाकीच्या सिरॅमिकला काच-टाइल्सचा बिट लागतोय आणि मधे मधे पाणी सोडत राहायचं, डोळ्यावर चष्मा घालून.

आकाराबद्दल एकच हट्ट धरा, तोंड पोटापेक्षा अरुंद नको. मडक्याच्या आकाराच्या कुंड्या फोटोत सुंदर दिसतात पण मुळं पोटात पसरली की झाड बाहेर काढताच येत नाही, मग मुळं कापा नाहीतर कुंडी फोडा. वर थोडी पसरट होत जाणारी किंवा सरळ उभी बरी. अरेका पाम, रबर प्लँट, फिडल लीफ असली उंच झाडं असतील तर तळ रुंद आणि कुंडी जड बघा, नाहीतर खिडकीतनं वारं आलं किंवा पोरं पळत आली की आडवी. आणि १२ इंची मातीची कुंडी पाणी घातल्यावर वीस किलोच्या वर जाते हे लक्षात ठेवून तिची जागा आधी ठरवा. टांगायच्या कुंडीला हलकं प्लॅस्टिक आणि लहान साइजच घ्या, हुक भरताना ओल्या मातीचं वजन धरून भरा.

काचेच्या बाटलीत मनी प्लँट किंवा लकी बांबू ठेवणारे भरपूर, त्याला माझी हरकत नाही, फक्त पारदर्शक काचेत उजेड गेला की पाण्यात शेवाळ धरतंय, म्हणून गडद रंगाची बाटली घ्या आणि पाणी दर आठवड्याला बदला.

आणि बशी. भोक आहे म्हणजे खाली पाणी येणार, म्हणजे बशी पाहिजेच, कुंडीच्या तळापेक्षा दोन इंच मोठी. पण मातीच्या कुंडीबरोबर मातीचीच बशी घरात घेऊ नका, तिच्यातनं ओल झिरपते आणि शहाबादी फरशीवर डाग पडतोय, लाकडी स्टँड असेल तर तो फुगतोय, बशी प्लॅस्टिकची नाहीतर आतनं चकाकीची घ्या. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं बशीत साठलेलं ओतून टाका, झाडासाठी तर आहेच पण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतोय आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं ओतून पण भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरड्यात टिकतात, म्हणून आठवड्यातनं एकदा बशी घासून घ्या, पावसाळ्यात तर चुकवूच नका.

सेल्फ वॉटरिंग म्हणून खाली पाण्याची टाकी असलेल्या कुंड्या मिळतात, गावाला जाणाऱ्यांना आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागात त्या उपयोगी आहेत, पण आमच्या इकडं जून ते सप्टेंबर ती टाकी रिकामीच ठेवा, आणि कोरफड-जेड-स्नेक प्लँट त्यात कधीच लावू नका.

कुंडी बदलायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे थंडी सरल्यावर, शिवरात्रीपासनं मिरगाच्या आधीपर्यंत, तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतंय आणि पाऊस यायच्या आत मुळं नव्या मातीत शिरतात. ऐन पावसाळ्यात बदलायची वेळ आलीच, म्हणजे मुळं कुजल्याचा वास येतोय, तर थांबू नका, कुजलेली काळी मऊ मुळं कापा आणि मुळं कमी झाली म्हणून कुंडी पण आधीपेक्षा लहान घ्या. माती भरताना काठाखाली एक इंच जागा सोडा म्हणजे पाणी बाहेर सांडत नाही, खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच गाडा, माती बुक्कीनं दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर हलकी आपटली की बसते. एकदा भोकातनं येईपर्यंत पाणी, मग दोन आठवडे कडक ऊन नको, आणि महिनाभर खत नको.